धुळीच्या कारखान्यात वेल्डिंग आणि तो अर्धा तास : पार्श्वभूमी

पीठ, साखर अशी धूळ उडणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग झाल्यावर आगीवर नजर ठेवायला माणूस अर्धा तास थांबवायचा की जास्त, हा वाद आहे. पिठाची धूळ पेटते हे काही आजचं ज्ञान नाही. १७८५ साली ट्युरिनमध्ये पिठाच्या कोठारात दिव्यामुळे स्फोट झाला होता, १८७८ मध्ये मिनियापोलिसची मोठी गिरणी उडाली आणि १८ माणसं गेली. तरी अमेरिकेत धान्याच्या ठिकाणी वेल्डिंग-कटिंगला परमिट (कामाआधीची लेखी परवानगी) सक्तीचं व्हायला १९८७ उजाडलं, ते पण १९७७ च्या डिसेंबरमध्ये धान्य साठवणुकीच्या दोन ठिकाणी स्फोट होऊन आठवड्याभरात ५० च्या वर लोक मेल्यावर.

त्या नियमात धान्याची कोठारं आणि पिठाच्या गिरण्या आल्या, पण साखर, दूध पावडर वगैरे बाहेरच राहिले. मग २००८ मध्ये जॉर्जियातली साखर रिफायनरी उडाली, १४ जण गेले. तिथे संशय वेल्डिंगवर नव्हता, झाकलेल्या कन्व्हेयरमधल्या तापलेल्या बेअरिंगवर होता, पण सगळ्या धुळींसाठी एकच नियम हवा ही मागणी तिथून जोरात पुढे आली, २००९ मध्ये अशा नियमावर सरकारी काम सुरू झालं आणि २०१७ मध्ये ते चक्क गुंडाळलं. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये मक्याच्या गिरणीत स्फोट होऊन ५ जण गेले.

हॉट वर्कमध्ये (वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडिंग अशी ठिणग्या उडवणारी कामं) सगळ्यात जास्त ओढाताण फायर वॉचवरून, म्हणजे आगीवर नजर ठेवण्यावरून आहे. काम संपल्यावर एक्स्टिंग्विशर घेऊन माणूस किती वेळ थांबवायचा? अमेरिकेच्या जुन्या वेल्डिंग नियमात पेटणाऱ्या वस्तूंपासूनच्या ३५ फुटांच्या (साधारण ११ मीटर) अंतराबरोबर किमान अर्धा तास लिहिलेला होता आणि वर्षानुवर्षं तोच चालला. मेंटेनन्सवाल्यांची अडचण खरी आहे, शिफ्ट संपत आलेली असते, लाइन चालू करायची घाई असते आणि एक माणूस नुसता अडकून पडतो.

पण साचलेली धूळ कागदासारखी भसकन पेटत नाही हो. ग्राइंडरची ठिणगी बीमवर साचलेल्या पिठात पडली की वर ज्वाळा नाही, धूर नावापुरता, एक काळा ठिपका पडतो आणि तो आतल्या आत सरकत राहतो. अर्ध्या तासाने बघणाऱ्याला सगळं थंड वाटतं, परमिट बंद होतं, आणि मग कुणीतरी कॉम्प्रेस्ड एअरने बीम साफ करायला घेतो, धूळ हवेत, निखारा पण हवेत. किंवा बकेट एलिव्हेटर (बादल्यांनी माल वर नेणारा पट्टा) चालू होतो आणि आत पडलेला निखारा थेट वरच्या बिनमध्ये, म्हणजे साठवणीच्या टाकीत जातो. एक्स्टिंग्विशरचा जोरदार झोत मारला तरी तेच, थर उधळतो.

म्हणूनच २०१९ मध्ये हॉट वर्कच्या ऐच्छिक मानकात हा वेळ ६० मिनिटं केला गेला, माझ्या मते फार उशिरा. अमेरिकेच्या सरकारी नियमात मात्र अजून अर्धाच तास आहे, त्यामुळे कंपनीने परमिटवर एक तास लिहिला तरी कॉन्ट्रॅक्टर कायद्याकडे बोट दाखवून लवकर निघू शकतो.