प्रतिक्षिप्त क्रिया

उद्दीपन मिळताच शरीर इच्छेवाचून जी ठरावीक, तत्काळ हालचाल किंवा स्राव घडवते, तिला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. तापलेल्या तव्याला बोट लागले की संवेदी चेता मेरुरज्जूपर्यंत संदेश नेते आणि तिथूनच स्नायूंना हुकूम सुटतो. बातमी मेंदूलाही जाते, पण चटका जाणवेपर्यंत हात मागे आलेला असतो.

डोळ्याच्या बाहुलीची प्रतिक्रिया ठाणेकरांना पारसिक बोगद्यात अनुभवता येते. १९१६ साली खुला झालेला हा बोगदा सुमारे १.३ किलोमीटर लांब आहे. भर दुपारी गाडी त्यातून बाहेर पडताच खिडकीशी बसलेल्याच्या बाहुल्या क्षणार्धात आकसतात. एक डोळा झाकला तरी दोन्ही बाहुल्या आकसतात, कारण मध्यमेंदूतून आज्ञा दोन्ही डोळ्यांना जाते. उलट, अंधाराला पूर्ण सरावायला दृष्टिपटलाला २० ते ३० मिनिटे लागतात. तेवढ्यात गाडी बोगदा ओलांडून कितीतरी पुढे गेलेली असते.

मामलेदार मिसळीची तर्री तोंडात गेली की नाक वाहते, डोळ्यांत पाणी येते, कपाळावर घाम फुटतो. मिरचीतील तिखट घटक कॅप्सायसिन नेमक्या त्याच ग्राहींना (चेतांवरील उद्दीपन टिपणाऱ्या प्रथिनांना) चेतवते, जे एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढच्या उष्णतेने चेततात. म्हणून जीभ खरोखर भाजल्यासारखेच शरीर वागते. या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले.

घोडबंदर रोडवर अचानक आडव्या आलेल्या रिक्षापुढे दुचाकीस्वार ब्रेक दाबतो, त्याला लोक 'रिफ्लेक्स' म्हणतात. शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबर नाही. ब्रेक दाबणे सरावाने आलेले असते, त्याला मेंदूचा निर्णय लागतो आणि म्हणून वेळही अधिक लागतो.

गुडघ्याच्या वाटीखाली हातोडीने टिचकी मारली की पाय उडतो. एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी १८७५ मध्ये स्वतंत्रपणे याचे वर्णन केले. या मार्गात मेरुरज्जूतील एकच चेतासंधी (दोन चेतांमधील जोड) असते, त्यामुळे बिघाड कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. मधुमेहात पायांच्या चेता दुबळ्या झाल्या की घोट्याची प्रतिक्रिया मंदावते किंवा नाहीशी होते. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची एक बाहुली मोठी होऊन प्रकाशाला दाद देईनाशी झाली, तर मेंदूवर दाब वाढत असल्याची शंका घेऊन तातडीने उपचार करावे लागतात.