वहीची रेघ आणि डोळ्यातलं भोक

"जग माया आहे हे क्वांटम फिजिक्सने सिद्ध केलंय" असा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून येतोच. असं काहीही सिद्ध झालेलं नाहीये, इलेक्ट्रॉनचं गणित उचलून अध्यात्माला चिकटवणं हा खोटेपणा आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो. पण आपल्याला दिसतं ते सगळंच डोळ्यातून आलेलं नसतं हे मात्र खरंय, आणि ते बघायला रेघांची वही पुरते.

एका रेघेवर डावीकडे फुली काढा, तिच्या उजवीकडे 8 सेंटीमीटरवर, त्याच रेघेवर, वाटाण्याएवढा लाल ठिपका. डावा डोळा झाका, उजव्याने फक्त फुलीकडे बघत वही हळूहळू जवळ आणा. साधारण 30 सेंटीमीटरवर ठिपका गायब! फ्रान्सच्या मारिओत नावाच्या शास्त्रज्ञाने हे 1660च्या दशकात शोधलं. आपल्या रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, नसा उजेड टिपणाऱ्या पेशींच्या मागून नाही, पुढून जातात, त्या 10 लाखांच्या आसपास नसा एका जागी गोळा होऊन भोकातून मेंदूकडे निघतात आणि त्या जागी या पेशीच नाहीत. ऑक्टोपसच्या नसा मागून जातात, त्याला हे भोकच नाही. आपलं भोक आकाशात धरलं तर पौर्णिमेचे 10 चंद्र ओळीने मावतील एवढं रुंद आहे.

आता परत वहीकडे बघा. ठिपका गेला तिथे काळा डाग दिसतो का? नाही, तिथून निळी रेघ सरळ गेलेली दिसते, जी ठिपक्याखाली झाकलेली होती! ही रेघ मेंदूने ओढली. माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं की भोकाच्या दोन्ही बाजूंना रेघ असली की व्हिज्युअल कॉर्टेक्समधल्या (मेंदूचा बघण्याचा भाग) त्या भोकाच्या वाट्याच्या पेशीही पेटतात, म्हणजे डोळ्याने तिथून काहीच पाठवलेलं नसताना "रेघ आहे" असा सिग्नल तयार होतो.

दोरीला साप समजलं तरी दोरी असतेच, त्यामुळे जग खोटं वगैरे म्हणायचं कारण नाही. पण हीच भरणी काचबिंदूत घात करते, कारण त्यात डोळ्याची नस हळूहळू मरते आणि नजरेतले काही भाग दिसेनासे होतात. माझी आत्या दाराच्या चौकटीला खांदा आपटायची आणि म्हणायची, "मला सगळं स्वच्छ दिसतंय रे." खोटं बोलत नव्हती, तिला कुठे अंधार दिसतच नव्हता. तपासणीच्या मशीनमध्ये दिवा दिसला की बटण दाबायचं असतं. एका कोपऱ्यात दिवे लागत राहिले, ती बटणावर बोट ठेवून वाट बघत बसली, आणि बाहेर येऊन म्हणाली, मशीन मध्येच बंद पडत होतं.