खुलासा: व्हीएनसीचा ‘एन्क्रिप्टेड’ पासवर्ड

व्हीएनसी म्हणजे दूरचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवर पाहून चालवण्याची सोय. तिच्याबद्दल समज असा: ‘व्हीएनसीचा पासवर्ड एन्क्रिप्ट होऊन साठतो. ती फाइल नेटवर्कवरच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर बिनधास्त टाका, कुणाला मिळाली तरी वाचता येणार नाही.’

फाइलमध्ये अगम्य चिन्हं दिसतात, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण पारंपरिक व्हीएनसी हा पासवर्ड डीईएस या जुन्या एन्क्रिप्शन पद्धतीने झाकते आणि त्यासाठीची किल्ली ठरलेली असते, प्रत्येक कॉम्प्युटरवर तीच. सोर्स कोड खुला असल्याने ती किल्ली जगजाहीर आहे. म्हणजे ज्याच्या हाती फाइल, त्याच्या हाती पासवर्ड.

स्वतः तपासून पाहा. दोन कॉम्प्युटरांवर एकच पासवर्ड ठेवा आणि साठलेल्या नोंदी ताडून बघा: हुबेहूब सारख्या. किल्ली वेगवेगळी असती, तर त्या जुळल्या नसत्या. मग १२ अक्षरी पासवर्ड ठेवून फक्त पहिली ८ टाइप करा. जुन्या पद्धतीत प्रवेश मिळतो, पुढची अक्षरं धरलीच जात नाहीत. (काही आवृत्त्या ८ पेक्षा जास्त अक्षरं घेतच नाहीत, ते निदान प्रामाणिक.)

म्हणून फाइल वाचण्याची परवानगी फक्त सर्व्हरच्या खात्याला द्या, दर मशीनला वेगळा पासवर्ड ठेवा आणि जोडणी एसएसएच टनेलमधून, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या वाटेने, न्या. पारंपरिक व्हीएनसीत लॉगिननंतरचा स्क्रीन आणि टायपिंग उघड्यावरूनच जातं.