हरिकेन जस्ताचं, हिशेब फौंड्रीचा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत हयात घालवलेल्या माणसाच्या हाती लढाऊ विमानाचं डायकास्ट मॉडेल, म्हणजे पोलादी साच्यात (डायमध्ये) धातू ओतून केलेलं छोटं विमान, द्या. रंग, नंबर, वैमानिक यांच्याकडे तो बघणारच नाही. आधी विमान उलटं करील आणि साच्याचे दोन भाग जिथं जुळले ती पार्टिंग लाइन नखानं चाचपेल. बेळगावकराची ही खोड योग्यच आहे, कारण मॉडेल किती हुबेहूब उतरणार, हे बरंचसं ओतकामातच ठरून जातं.

दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान हॉकर हरिकेन घेऊ. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या हाताखालची भारतीय हवाई दलाची एक नंबरची स्क्वॉड्रन हीच विमानं उडवत होती. (आपला सांबऱ्याचा विमानतळही त्याच युद्धातला, १९४२ सालचा.) हरिकेनच्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत १२.१९ मीटर आणि उड्डाणाला सज्ज असताना वजन साधारण साडेतीन टन. संग्राहकांच्या आवडत्या १:७२ प्रमाणात, म्हणजे सहा फुटांना एक इंच या मापात, ते १७ सेंटिमीटरांत बसतं.

गंमत वजनात आहे. लांबी ७२ पट घटली की घनफळ ७२ गुणिले ७२ गुणिले ७२, म्हणजे ३,७३,२४८ पटींनी घटतं. या हिशेबानं मॉडेल जेमतेम साडेनऊ ग्रॅम भरायला हवं, जुन्या जाड पाच रुपयांच्या नाण्याएवढं. हातातलं मॉडेल मात्र त्याच्या कितीतरी पट जड लागतं. खरं विमान आतून पोकळ. पंखांवरचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा, आणि हरिकेनच्या शेपटाकडचा भाग तर सांगाड्यावर ताणून बसवलेल्या कापडाचा! तो पत्रा ७२ पट बारीक केला तर ०.०१४ मिलिमीटर उरतो, केसाहून पातळ. एवढं पातळ ओतायचं कसं? ओतणाऱ्याला मिलिमीटरभर तरी जाडी लागते. ती उलट मोठी करून पाहा: खऱ्या विमानाला सात सेंटिमीटर जाडीचा पत्रा, रणगाड्याला शोभेल असा. पत्र्यांच्या जोडरेषाही तशाच. मॉडेलवर ०.२ मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर बोट जाईल एवढी फट. संग्राहक या रेघांवरून फार कुरकुरतात. मला त्या चालतात. रेघ दिसलीच नाही तर विमान साबणाच्या वडीसारखं दिसेल. पंखाची मागची कड जाड राहिलेली मात्र मला खपत नाही. तिथं डाय करणाऱ्यानं अंग राखलेलं असतं.

मग ही मॉडेलं हलकं ॲल्युमिनिअम सोडून जस्ताची का ओततात? ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं आणि वितळलेल्या रूपात पोलाद खात सुटतं. जस्तात चार टक्के ॲल्युमिनिअम आणि चिमूटभर मॅग्नेशिअम घातलं की ते मिश्रण ३८५ अंशांच्या आसपासच पातळ होतं. त्यामुळे दट्ट्याचा पंप थेट वितळलेल्या धातूत बुडवून ठेवता येतो. दट्टा दाबला की पापणी लवायच्या आत पोलादी डाय भरते. आपल्याकडे बिडाच्या ओतकामात वाळूचा साचा दर वेळी मोडावा लागतो. इथं एकाच डायमधून लाखो नग निघतात.

पण हे जस्त सोवळ्यातलं. बिडाच्या भट्टीत थोडंफार भंगार खपून जातं, इथं नाही. मिश्रणात शिसं ०.००५ टक्क्यांवर गेलं, म्हणजे १०० किलोंत ५ ग्रॅमच्या वर, की बिघाडाची सुरुवात होते. कथील आणि कॅडमिअमचंही तसंच. हे धातू जस्तात नीट विरघळत नाहीत, कणांच्या सीमांवर साचतात. दमट हवेत तिथून गंज आत शिरतो, गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतो, आणि विमान फुगतं, पंख वाकतात, शेवटी हाताला भुगा लागतो. महायुद्धापूर्वीची डिंकी या ब्रिटिश खेळण्यांच्या ब्रँडची कित्येक विमानं अशीच गेली. न्यू जर्सी झिंक कंपनीनं १९२९ मध्ये ९९.९९ टक्के शुद्ध जस्तावर आधारलेली मिश्रणं आणली, पण शुद्ध जस्त मिळू लागलं म्हणून कारखान्यातला कचरा आपोआप वेगळा होत नाही. सोल्डर लागलेला एखादा तुकडा कढईत पडला तरी घाण व्हायची ती होतेच.

म्हणून जुनं मॉडेल घेताना डब्यापेक्षा पंखाचं मूळ बघा. तिथं केसासारख्या चिरा, रंगाखाली फोड किंवा एका बाजूला झुकलेला पंख दिसला तर किंमत कितीही पाडून मिळाली तरी घेऊ नका. यावर इलाज नाही. जस्ताची ही कीड शेजारच्या विमानाला लागत नाही, तेवढी भीती सोडा. भीती ओलीची बाळगा. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात भिंती पाझरतात. तिथं बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. आतल्या भिंतीला लावा आणि सिलिका जेलच्या पुड्या दर पावसाळ्यापूर्वी बदला.