‘दुकानं उघडी ठेवा’: नाताळच्या बाजारीकरणाची पार्श्वभूमी

२३ डिसेंबर १९५१ रोजी फ्रान्समधल्या दिजाँ शहरात सांताक्लॉजला फाशी झाली. कॅथीड्रलच्या कठड्याला त्याचा पुतळा टांगला, मग आवारात आणून धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणाऱ्या मुलांच्या डोळ्यांदेखत तो जाळला. आरोप दोन: घुसखोरी आणि पाखंड. स्थानिक पाद्र्यांची याला संमती होती. येशूच्या जन्माचा सण या लाल झग्यातल्या म्हाताऱ्याने बळकावला, ही त्यांची तक्रार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हातारा नगरपालिकेच्या छपरावर पुन्हा हजर! महापौर फेलिक्स कीर स्वतः पाद्री होते. या भांडणात त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही.

मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९५२ साली या प्रकरणावर लेख लिहिला. रोमन लोकांच्या सॅटर्नेलिया उत्सवात काही दिवसांपुरता एक राजा नेमायचा आणि शेवटी त्याचा बळी द्यायचा, अशी प्रथा सांगितली जाते. पाखंड जाळायला निघालेल्या पाद्र्यांनी तो जुनाच विधी नकळत पार पाडला, असा त्यांच्या लेखाचा टोला होता.

दिजाँची तक्रार आजही दर डिसेंबरात ऐकू येते. सण मुळात भक्तीचा, बाजाराने तो नासवला, असा तिचा सूर असतो. जुनी कागदपत्रं चाळली तर मात्र क्रम बराचसा उलटा लागतो.

मुळात बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीखच नाही. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद रोममधली, इ. स. ३५४च्या एका पंचांगवजा संग्रहातली, आणि ती ३३६ सालाकडे बोट दाखवते. दिवस लहान, थंडी कडाक्याची, शेतीची कामं उरकलेली, कत्तल केलेल्या जनावरांचं ताजं मांस आणि नवी दारू घरात. अशा दिवसांत युरोपात खाणं-पिणं आणि हुंदडणं आधीपासूनच चालत होतं. चर्चने त्यावर आपला सण बसवला, तरी खालचा दंगा काही गेला नाही. मध्ययुगातला नाताळ म्हणजे प्रार्थना होतीच, पण जुगार, सोंगं, आणि श्रीमंताच्या दारात गाणी म्हणत दारू मागणारी टोळकीही होती.

या नाताळावर पहिला मोठा घाव घातला तो धर्मनिष्ठांनीच. इंग्लंडमध्ये राजाविरुद्धच्या यादवीत प्युरिटनांचा, म्हणजे बायबलबाहेरचे सण-विधी न मानणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांचा, वरचष्मा झाला आणि जून १६४७मध्ये पार्लमेंटने नाताळ, ईस्टर वगैरे सण रद्द केले. ज्या सणाला शास्त्राचा आधार नाही तो पाळायचा कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. त्याच वर्षी २५ डिसेंबरला कँटरबरीच्या महापौराने हुकूम काढला की बाजार नेहमीसारखा भरेल, दुकानं उघडी राहतील. थोड्या दुकानदारांनी फळ्या काढल्या. जमावाने त्यांचा माल रस्त्यावर फेकला, दारोदार हॉलीच्या हिरव्या फांद्या लावल्या आणि दंगल पेटली. म्हणजे नाताळला दुकानं उघडी ठेवा हा धर्माचा आग्रह, आणि ती बंद ठेवा म्हणून हाणामारी करणारे सामान्य लोक!

अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९चा कायदा आणखी सरळ होता. नाताळ म्हणून काम बंद ठेवलं, मेजवानी केली, तर पाच शिलिंग दंड. कायदा १६८१मध्ये मागे घेतला, पण न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या मुलखात, २५ डिसेंबर हा कामाचाच दिवस मानण्याची सवय पुढे दीडेकशे वर्षं तरी टिकली. स्कॉटलंडची कथा तर आणखी लांबली. तिथे नाताळची सार्वजनिक सुट्टी मिळाली ती थेट १९५८ साली.

तेव्हा एकोणिसाव्या शतकात बाजाराच्या हाती लागला तो भरल्या चर्चमधला पवित्र सण नव्हे. काही ठिकाणी तो मेल्यात जमा होता, काही ठिकाणी नुसता गोंगाट उरला होता. न्यू यॉर्कमध्ये डिसेंबरअखेरीस बेकार मजुरांची टोळकी डबे बडवत, पिऊन, रस्त्याने फिरत. शहरातल्या सुखवस्तू घरांना हा सण रस्त्यावरून उचलून दिवाणखान्यात आणायचा होता. या मंडळींतलेच एक क्लेमेंट मूर, बायबलचे अभ्यासक आणि धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयातले हिब्रूचे अध्यापक. २३ डिसेंबर १८२३ रोजी ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात एक निनावी कविता छापून आली. ती पुढे मूर यांच्या नावावर नोंदली गेली. तीत सेंट निकोलस आठ रेनडिअरांच्या गाडीतून येतो, धुराड्यातून उतरतो, मोज्यांत खेळणी भरतो. येशूचं नाव कुठे नाही, चर्च नाही, प्रार्थना नाही. लिहिणारा कोण, तर धर्मशास्त्राचा माणूस! निधर्मी नाताळची जन्मपत्रिका कुठे मांडायची तर मी इथे मांडेन.

इतिहासकार स्टीफन निसेनबॉम यांनी यातला बारकावा टिपला आहे. पूर्वी वरच्या थरातल्या माणसाने खालच्या थरातल्यांना, म्हणजे नोकरांना आणि दारात आलेल्या गरिबांना, काहीतरी द्यायचं असे. नव्या रिवाजात गरिबांच्या जागी घरातली मुलं आली. देणं उंबरठ्याच्या आतच राहिलं. दारावरच्या टोळक्याला घरची दारू आणि जेवण चालत होतं. मुलांसाठी मात्र दुकानातली वस्तू लागू लागली. खास भेट म्हणून द्यायची पुस्तकं प्रकाशक १८२०च्या दशकापासून काढू लागले. घरगुती, मायेचा, मुलांचा नाताळ आणि बाजारातला नाताळ हे असे जुळे भाऊ आहेत. एकाने दुसऱ्याला बिघडवलं म्हणणं अवघड आहे.

लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याला डिसेंबरातली पत्रोत्तरं आवरेनात. स्वस्त टपाल सुरू करण्यात त्याचाच हात होता, त्यामुळे पत्रांचा पूर आला यात त्याचाही दोष. त्याने चित्रकार जॉन हॉर्सलीकडून एक कार्ड करून घेतलं. सुमारे हजार प्रती निघाल्या, किंमत प्रत्येकी एक शिलिंग. पहिलं व्यापारी नाताळकार्ड म्हणतात ते हेच. मध्यभागी तीन पिढ्यांचं कुटुंब मद्याचे पेले उंचावतंय, दोन बाजूंना गरिबांना अन्नवस्त्र दिलं जातंय. बाळ येशू नाही, तारा नाही, मेंढपाळ नाहीत. ओरडा झाला तो मात्र धर्म गाळला म्हणून नव्हे, चित्रात एका लहान पोरीच्या ओठांना पेला लावलाय म्हणून. दारूबंदीवाल्यांना ते सहन झालं नाही.

मग यंत्रं आणि रेल्वे आली आणि वेग वाढला. १८६७मध्ये न्यू यॉर्कच्या मेसीज दुकानाने नाताळच्या आदल्या रात्री बारापर्यंत दारं उघडी ठेवली. फ्रँक वुलवर्थ या अमेरिकी दुकानदाराने नंतर सांगितलेली आठवण अशी: १८८० साली एका व्यापाऱ्याने जर्मनीतले काचेचे रंगीत गोळे दाखवले, तेव्हा हे कोण घेणार म्हणून वुलवर्थ नाक मुरडत होता. शेवटी खपले नाहीत तर भरपाई देण्याच्या बोलीवर त्याने पंचवीस डॉलरचा माल ठेवला. दोन दिवसांत गोळे संपले. हे गोळे थ्युरिंगियाच्या डोंगरातल्या लाउशा गावी कुटुंबंच्या कुटुंबं घरी बसून फुंकत. पुढे आपल्या व्यवस्थापकांना लिहिताना वुलवर्थ या दिवसांना सुगीचे दिवस म्हणू लागला.

लाल कपड्यांतला सांता कोका-कोलाने घडवला, हे सर्रास सांगितलं जातं आणि ते चूक आहे. थॉमस नास्ट हा व्यंगचित्रकार १८६३पासून ‘हार्पर्स वीकली’मध्ये गुबगुबीत सांता काढत होता, आणि लाल रंगही त्या कंपनीच्या आधीचा. हॅडन सुंडब्लोमने १९३१पासून तिच्या जाहिरातींसाठी काढलेल्या चित्रांनी तो चेहरा जगभर पक्का केला, एवढंच.

विरोध होतच राहिला, आणि त्यातला मला सर्वांत पटणारा विरोध धर्माच्या नावाने झालेलाच नाही. दुकानांत काम करणाऱ्या मुलींना नाताळच्या गर्दीत रात्री उशिरापर्यंत उभं राहावं लागे, वर पगारातून वर्गणी काढून साहेबाला भेट द्यावी लागे. १९१२ साली न्यू यॉर्कमध्ये निरुपयोगी भेटी रोखण्यासाठी एक संस्थाच निघाली. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही तिचे सभासद झाले. सत्तावीस वर्षांनी दुसऱ्या रूझवेल्टांनी, अध्यक्ष फ्रँकलिन यांनी, खरेदीचे दिवस वाढावेत म्हणून नाताळच्या खरेदीची सुरुवात ज्यानंतर होते तो नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सणच आठवडाभर अलीकडे ओढला. निम्म्या राज्यांनी तो मानला नाही. १९४१मध्ये अमेरिकेच्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, तारखेचा कायदा करावा लागला.

सरकारांनाही सणातला धर्म बाजूला काढणं सोयीचं होतं. सोव्हिएत रशियाने नाताळचं झाड आधी हद्दपार केलं आणि १९३५च्या अखेरीस नववर्षाचं झाड म्हणून परत आणलं. अमेरिकेत १८७०च्या कायद्याने राजधानीतल्या सरकारी नोकरांना २५ डिसेंबरची सुट्टी मिळाली. सरकारने धर्माची तळी उचलायची नाही अशी राज्यघटना, मग ही सुट्टी कशी? उत्तर एकच देता येत होतं: सण आता सगळ्यांचा आहे.

हे उत्तर सर्वोच्च न्यायालयात तपासलं गेलं ते ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट शहराच्या खटल्यात. तिथे पालिका दुकानदारांच्या संघटनेच्या साथीने बाजारपेठेतल्या बागेत दरवर्षी आरास करी. त्यात सांताचं घर, रेनडिअर, विदूषक, हत्ती, अस्वल, शेकडो दिवे आणि या सगळ्यात येशूजन्माचा देखावा. देखाव्यातल्या मूर्ती पाच इंचांपासून पाच फुटांपर्यंतच्या. पालिकेने १९७३मध्ये १,३६५ डॉलरना घेतलेल्या. मार्च १९८४मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: देखावा राहू द्या. आजूबाजूच्या आराशीत तो धर्मप्रचार वाटत नाही, सणाच्या इतिहासाचा भाग वाटतो. विरोधी मत नोंदवणाऱ्या न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी लिहिलं की शहर जिंकलं खरं, पण या विजयाची किंमत भारी आहे. गव्हाणीतलं बाळ आता हंगामाची वर्दी देणारी आणि धंद्याच्या उपयोगाची वस्तू ठरलं होतं, आणि ते तसं आहे असं म्हटल्यावरच त्याला बागेत राहता आलं.