शिकवायचं कोणी, हे ठरवायचं कोणी? ब्राउनिंगच्या कॉलेजची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात रॉकी पर्वताच्या पूर्वेला, गवताळ माळाच्या तोंडाशी ब्राउनिंग हे गाव आहे. ब्लॅकफीट या मूळनिवासी जमातीच्या रिझर्वेशनचं, म्हणजे तिच्यासाठी राखून ठेवलेल्या प्रदेशाचं, हे मुख्य ठिकाण. पश्चिमेला ग्लेशियर नॅशनल पार्क, उत्तरेला कॅनडा. इथल्या ब्लॅकफीट कम्युनिटी कॉलेजात जमातीची भाषा आणि संस्कृती हे रीतसर अभ्यासाचे विषय आहेत. आपली भाषा शिकवायला लायक कोण, हे ठरवण्याचा अधिकार या लोकांच्या हातून एकोणिसाव्या शतकात गेला आणि विसाव्याच्या शेवटी, तोही तुकड्यातुकड्यांनी, परत आला. कॉलेजचा इतिहास या अधिकाराच्या अंगानेच वाचावा असं मला वाटतं.

ही भाषा बोलणारे चार समूह आहेत. सिक्सिका, काइनाई आणि उत्तरेकडचे पिकानी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात राहतात. चौथे, दक्षिणेकडचे अम्स्कापी पिकुनी, मोंटानात. एकोणपन्नासाव्या अक्षांशावरची आंतरराष्ट्रीय सीमा आखली गेली ती या एकाच समाजाच्या मधून. १८५५ मध्ये अमेरिकन सरकारशी पहिला करार झाला, त्यानंतर प्रदेश आकसतच गेला. २३ जानेवारी १८७० रोजी मेजर बेकरच्या घोडदळाने मरायस नदीकाठच्या हेवी रनर या प्रमुखाच्या वस्तीवर पहाटे हल्ला केला. वस्तीत देवीची साथ होती. लष्कराने स्वतःच मृतांचा आकडा १७३ दिला आणि त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. ब्राउनिंगच्या कॉलेजातले विद्यार्थी आणि शिक्षक या दिवशी, ऐन हिवाळ्यात, त्या जागी जातात. सांस्कृतिक अभ्यासक्रमाचा हा भाग मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा वजनदार वाटतो.

पुढे रानरेडे, म्हणजे बायसन, संपले. १८८३-८४ च्या हिवाळ्यात सरकारी शिधा पुरेसा आलाच नाही आणि पाचशे-सहाशे माणसं उपासमारीने गेली. उपाशी समाजाशी जमिनीचा सौदा करणं सोपं असतं. १८९५ मध्ये डोंगरपट्टा पंधरा लाख डॉलरला सरकारकडे गेला, आणि १९१० मध्ये त्याचाच नॅशनल पार्क झाला.

शाळा याच काळात आल्या. १८८३ पासून सूर्यनृत्यासारखे विधी गुन्हा ठरले होते. १८८७ मध्ये मूळनिवासी जमातींचा कारभार पाहणाऱ्या ‘इंडियन’ खात्याचे आयुक्त ॲटकिन्स यांनी रिझर्वेशनवरच्या शाळांत फक्त इंग्रजी चालेल असं फर्मान काढलं. ब्लॅकफीट मुलांसाठी १८९० मध्ये टू मेडिसिन नदीकाठी होली फॅमिली मिशनची निवासी शाळा उघडली. काही मुलं लांब फोर्ट शॉला गेली. तिथे जुन्या लष्करी ठाण्यातच १८९२ मध्ये शाळा थाटली होती. आपली भाषा बोलली म्हणून मार खाल्लेल्या मुलांनी मोठं झाल्यावर स्वतःच्या पोरांशी इंग्रजीतच बोलायचं ठरवलं. यात भाषेचा तिरस्कार नव्हता, पोरांना मार बसू नये एवढाच हेतू होता.

गंमत अशी की, शाळेत ज्या भाषेला बंदी, तीच भाषा टिपून घ्यायला विद्वान येत होते. डेव्हिड डुव्हॉल हा पिकुनी दुभाषा घरोघर जाऊन कथा गोळा करी आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयातल्या क्लार्क विस्लरकडे पाठवी. त्यांचा कथासंग्रह १९०८ मध्ये निघाला. १९१० आणि १९११ च्या उन्हाळ्यात हॉलंडचे सी. सी. उलेनबेक तंबू ठोकून इथे राहिले. मराठी वाचकाला ओळखीचा वाटावा असा हा माणूस: मूळचा संस्कृतचा प्राध्यापक, संस्कृतचा व्युत्पत्तिकोश लिहिलेला. जोसेफ टॅट्सी हे त्यांचे मुख्य शिक्षक. उलेनबेकांनी संहिता छापल्या, रॉबर्ट व्हान ख्युलिक या विद्यार्थ्यासोबत १९३० आणि १९३४ मध्ये कोश केले, १९३८ मध्ये व्याकरण. आज भाषेच्या अभ्यासकाला ही कागदपत्रं टाळता येत नाहीत. संहितांच्या मुखपृष्ठावर टॅट्सींचं नाव आहे, पण ते फक्त ‘यांच्या मदतीने’ एवढ्यापुरतं.

कॉलेजकडे येऊ. जमातीने स्वतः चालवलेलं पहिलं कॉलेज १९६८ मध्ये नॅव्हाहोंनी काढलं. ब्लॅकफीट ट्रायबल बिझनेस कौन्सिल या जमातीच्या कारभारी मंडळाने १९७४ मध्ये आपल्या कॉलेजला सनद दिली. पण सनद म्हणजे पदवी देण्याची मान्यता नव्हे. १९७६ पासून सुरुवातीची काही वर्षं इथले वर्ग पर्वतापलीकडे, सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या कॅलिस्पेल इथल्या फ्लॅटहेड व्हॅली कम्युनिटी कॉलेजचे विस्तार वर्ग म्हणून चालले. १९७८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने जमातींच्या कॉलेजांना अनुदान देणारा कायदा केला. ब्राउनिंगला स्वतंत्र मान्यता मिळाली ती १९८५ मध्ये. १९९४ मध्ये अशा कॉलेजांना ‘लँड ग्रँट’, म्हणजे मुळात सरकारी जमीन देऊन उभारलेल्या उच्चशिक्षण संस्थांचा, दर्जा मिळाला. राज्यांच्या विद्यापीठांना तो १८६२ पासूनच होता, आणि त्यासाठी वाटलेली जमीन कोणाची होती हे वेगळं सांगायला नको.

तरी एक पेच उरलाच. कॉलेजात शिकवायला पदवी लागते, आणि भाषा येणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पदवी नव्हती. शाळांतही तेच: सरकारी परवाना नाही, तर वर्गात प्रवेश नाही. १९९५ मध्ये मोंटानाच्या शिक्षण मंडळाने ‘क्लास सेव्हन’ हा परवाना आणला. त्यात भाषा आणि संस्कृतीचा शिक्षक पात्र आहे की नाही, हे जमात ठरवते. राज्य त्यावर परवाना देतं. माझ्या मते या साऱ्या हकिगतीतला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच.

त्याच वर्षी कॉलेजबाहेरही एक घडामोड झाली. हार्वर्डला शिकून परतलेल्या डॅरेल किप यांनी डोरोथी स्टिल स्मोकिंग आणि एडवर्ड लिटल प्लूम यांच्यासोबत १९८७ मध्ये पीगन इन्स्टिट्यूट ही भाषेसाठी काम करणारी संस्था काढली होती. हवाईच्या लोकांनी लहान मुलांसाठी फक्त हवाईयन बोलणाऱ्या शाळा उभ्या केल्या होत्या. तो नमुना घेऊन त्यांनी १९९५ मध्ये ब्राउनिंगमध्ये ब्लॅकफीट माध्यमाची शाळा सुरू केली. किप यांचा भाषेसाठी झटणाऱ्यांना सल्ला होता की, परवानगी मागत बसू नका, वाद घालू नका, करून दाखवा. कॉलेजला हे कसं परवडणार? त्याला अनुदान, मान्यता, श्रेयांक सगळं सांभाळावं लागतं; शिवाय त्या १९७८ च्या कायद्याचं अनुदान फक्त जमातींचे सदस्य किंवा सदस्यांची मुलं असलेल्या विद्यार्थ्यांमागे मिळतं, इतरांमागे नाही. दोन्ही संस्था एकाच गावात असणं म्हणूनच बरं.

वर्गात शिकणाऱ्याची पहिली ठेच लिपीला लागते. डोनाल्ड फ्रांट्झ यांची अवघ्या बारा रोमन अक्षरांची लेखनपद्धत कॅनडात १९७५ मध्ये स्वीकारली गेली. मोंटानात मात्र कानाला ऐकू येईल तसं लिहिण्याची सवय जुनी. कर्ता, कर्म आणि बरंच काही एकाच लांबलचक क्रियापदात गुंफलेलं असतं, काही स्वर तर नुसते कुजबुजल्यासारखे उच्चारायचे, त्यामुळे कागदावरून ही भाषा येत नाही. संस्कृतीची अडचण त्याहून खोल आहे. नापी या पुराणकथांतल्या नायकाच्या कथा हिवाळ्यातच सांगायच्या असतात, आणि पवित्र वस्तूंच्या गाठोड्यांशी जोडलेली गाणी व विधी यांचा हक्क एका माणसाकडून दुसऱ्याकडे समारंभाने सोपवावा लागतो. तो ज्याला मिळाला नाही त्याने ते सांगायचं नाही, मग त्याच्याकडे कितीही पदव्या असोत. म्हणजे कोणी काय शिकवावं याचा नियम या समाजात आधीपासून होता. अमेरिकन शिक्षणव्यवस्थेला तो दिसला नाही, एवढंच.

आता पिढी बदलते आहे. क्लास सेव्हनसाठी उमेदवाराची पारख करायला सुरुवातीला घरात भाषा ऐकत वाढलेले वडीलधारे होते. यापुढे हे काम वर्गात बसून भाषा शिकलेल्यांकडे जाणार, आणि आपल्यानंतरच्यांना किती भाषा आली म्हणजे पुरे, ही पातळीही त्यांनाच ठरवावी लागणार.