दोन दुर्गम विमानतळांमधला प्रवास: अंतर किती, वेळ किती धरावा?

लांबच्या बेटावर किंवा ध्रुवाजवळच्या गावी जायचं ठरलं की ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती किलोमीटर?’ आकडा लगेच सांगता येतो. पण तेवढ्यावरून रजेचा अर्ज देऊ नका, असं आम्ही प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

नॉर्वेच्या उत्तरेला ध्रुवाजवळ असलेल्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन आणि अलास्काच्या उत्तर टोकाचं उत्कियाग्विक (पूर्वीचं बॅरो) ही गावं घ्या. सपाट नकाशावर ती एकमेकांपासून फार लांब दिसतात. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर तो उत्तर ध्रुवाजवळून जातो आणि अंतर भरतं जेमतेम ३,४०० किलोमीटर. थेट विमान असतं तर पावणेपाच तासांचं काम. पण तसं विमान नाही. ऑस्लो, आइसलँड, सिएटल, अँकरेज असा वळसा घेतला तर अंतर १३ हजार किलोमीटरच्या पुढे जातं आणि नुसते हवेतले तासच १९ च्या आसपास होतात. मधल्या विमानतळांवरचं थांबणं वेगळं.

हवेतल्या वेळेचा अंदाज घरबसल्या काढता येतो. जेट विमान असेल तर किलोमीटरला ८०० ने भागा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. अँकरेज ते उत्कियाग्विक सुमारे १,१६५ किलोमीटर, म्हणजे दोन तास. टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याचं विमान असेल तर ८०० ऐवजी ५०० धरा. वारा मात्र या हिशेबात बसत नाही. चिलीची राजधानी सँतियागोहून पॅसिफिक महासागरातलं ईस्टर बेट सुमारे ३,७५० किलोमीटरवर आहे. जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून जायला येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता खरी अडचण. आजूबाजूला दुसरा विमानतळच नसेल तर उतरता न आल्यास जायचं कुठे? म्हणून अशा ठिकाणी जाणाऱ्या जेट विमानाला तिथवर पोचून आणखी दोन तास उडता येईल इतकं इंधन ठेवावं लागतं, नाहीतर परत फिरण्याची सोय ठेवावी लागते. दक्षिण अटलांटिक महासागरातलं सेंट हेलेना बेट हे याचं ठळक उदाहरण. धावपट्टीवरचे वारे अचानक दिशा बदलतात, म्हणून २०१६ मध्ये ठरलेली प्रवासी सेवा ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली. जोहान्सबर्गहून अंतर सुमारे ३,७०० किलोमीटर, पण जाताना विमान नामिबियात वॉल्व्हिस बे इथे इंधनासाठी थांबतं. वर्षातला बराच काळ आठवड्याला एकच फेरी असते. त्यामुळे तिथे हुकलेलं विमान म्हणजे कित्येकदा पुढच्या आठवड्याचं विमान.

म्हणून आमच्याकडे चौकशी करताना अंतराआधी फेरीचे वार विचारा. शक्यतो सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढची कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. परतीच्या मोठ्या विमानाआधी किमान एक रात्र मोकळी ठेवा, आणि बेटावरून परतत असाल तर दोन. रोजची औषधं चार-पाच दिवस जास्तीची, तीही हातातल्या पिशवीत घ्या. तारखा पक्क्या करण्याआधी फोन करा, आपण टप्प्याटप्प्याने वेळापत्रक मांडून बघू.